कॉलेजात न शिकलेल्या एका मास्तरचं गणित आज प्रत्येक डिजिटल चिपमध्ये बसलंय

इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग केलेल्या कोणालाही विचारा, डिजिटलच्या विषयात सगळ्यात आधी काय शिकवतात? उत्तर ठरलेलं आहे. बूलियन अल्जेब्रा. मग ट्रुथ टेबल, मग के-मॅप, मग गेट्स. परीक्षेपुरतं पाठ करायचं आणि पुढे जायचं.

पुढे लॅबमध्ये एक छोटा बोर्ड हातात येतो. त्याच्या मधोमध काळी चौकोनी चिप असते. तिला म्हणतात एफपीजीए, म्हणजे फील्ड प्रोग्रामेबल गेट अ‍ॅरे. ही चिप गंमतशीर आहे. कारखान्यातून ती कोऱ्या पाटीसारखी येते. तुम्ही कॉम्प्युटरवर सर्किटचं वर्णन लिहायचं, ते चिपमध्ये भरायचं, आणि ती चिप तेच सर्किट बनते. आज ट्रॅफिक सिग्नल, उद्या कॅल्क्युलेटर, परवा एखादा छोटा प्रोसेसर. ना सोल्डरिंग, ना वायरींचा गुंता.

हे सगळं ज्या गणितावर चालतं, ते लिहिणारा माणूस मात्र घराघरात वीज यायच्या कितीतरी आधी वारला. त्याने ना ट्रान्झिस्टर पाहिला, ना कॉम्प्युटर. त्याच्याकडे कुठल्या विद्यापीठाची परीक्षा देऊन मिळवलेली पदवीही नव्हती.

त्याचं नाव जॉर्ज बूल.

बुटांचं दुकान आणि दुर्बीण

जॉर्जचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा, इंग्लंडमधल्या लिंकन या गावातला. वडील जॉन बूल बूट बनवायचे. आई लग्नाआधी श्रीमंतांच्या घरी कामाला होती. घरची परिस्थिती बेताची.

त्यातही वडिलांचा जीव धंद्यात कमी आणि भिंगांत जास्त. दुकान सोडून ते दुर्बिणी बनवत बसायचे. गिऱ्हाईक यायचं, पण बूट तयार नसायचे. शेवटी व्हायचं तेच झालं, धंदा बसला.

पण जाता जाता त्यांनी पोराला एक गोष्ट दिली होती. वस्तू आतून कशी चालते हे बघायची सवय.

जॉर्जचं शालेय शिक्षण साधंच झालं. पण पोरगं हुशार. ओळखीच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून त्याने लॅटिन शिकून घेतली. ग्रीक तर स्वतःच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचा अनुवाद केला. वडिलांनी कौतुकाने तो स्थानिक वर्तमानपत्राला पाठवला आणि तो छापूनही आला.

त्यावरून वाद पेटला. एका मास्तरांनी आक्षेप घेतला की इतक्या लहान मुलाला असा अनुवाद जमणं शक्यच नाही. दुकानदाराच्या पोराला ग्रीक येते यावर शिकलेल्या लोकांचा विश्वास बसत नव्हता. पुढच्या आयुष्यात जॉर्जला अशा नजरांची सवयच झाली.

सोळाव्या वर्षी घर अंगावर

धंदा बसल्यावर आई-वडील आणि तीन धाकटी भावंडं यांची जबाबदारी जॉर्जवर आली. वय होतं १६. कॉलेजचा विषयच संपला. १८३१ मध्ये तो डॉन्कास्टरच्या एका शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून लागला.

इथेच त्याला गणिताचा नाद लागला, आणि त्यामागे एक कारण अगदी व्यवहारी होतं. पुस्तकं महाग होती. साहित्याचं पुस्तक चार दिवसांत वाचून संपायचं. गणिताचं पुस्तक महिनोन्महिने पुरायचं. त्याच पैशांत जास्त दिवस!

त्याने फ्रेंच गणितज्ञ लाक्रुआ यांचं कॅल्क्युलसचं पुस्तक घेतलं आणि एकट्याने झुंज सुरू केली. शंका विचारायला कोणी नव्हतं. चांगला शिक्षक असता तर आपली काही वर्षं वाचली असती, हे पुढे त्याचं त्यालाच जाणवलं.

शाळा धार्मिक वळणाची होती. मास्तर रविवारी गणिताची पुस्तकं वाचतात, प्रार्थनेच्या वेळीसुद्धा डोक्यात गणितच असतं, अशा तक्रारी झाल्या. ती नोकरी फार काळ टिकली नाही.

पण त्याच दिवसांत, १८३३ च्या सुरुवातीला, एक मैदान ओलांडताना सतरा वर्षांच्या जॉर्जच्या डोक्यात एक विचार येऊन गेला. आकड्यांचे नियम जसे गणितात मांडता येतात, तसे माणसाच्या विचारांचे नियम मांडता येतील का?

तेव्हा त्याच्याकडे याचं उत्तर नव्हतं. पुढची १४ वर्षं तो विचार तसाच पडून राहिला.

उधारीच्या पुस्तकांवर सुवर्णपदक

एकोणिसाव्या वर्षी जॉर्जने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसा मुलांना शिकवायचं, शाळेचे हिशोब बघायचे, आणि रात्री गणित.

याच सुमारास लिंकनमध्ये कामगार आणि कारागिरांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट सुरू झालं होतं. तिथलं वाचनालय जॉर्जच्या हक्काचं झालं. गावाजवळ राहणाऱ्या सर एडवर्ड ब्रोमहेड या गणितप्रेमी जमीनदारानेही त्याला पुस्तकं वाचायला दिली. उधारीच्या पुस्तकांतून तो लाग्रांज आणि लाप्लास यांच्यापर्यंत पोहोचला.

मधल्या काळात केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी असाही विचार झाला. पण शाळा बंद केली तर घर कोण चालवणार? तो विचार तिथेच थांबला.

मग त्याने पदवीशिवायच लिहायला सुरुवात केली. १८४१ पासून त्याचे लेख केंब्रिजच्या गणित नियतकालिकात छापून येऊ लागले. १८४४ मध्ये त्याचा एक मोठा निबंध रॉयल सोसायटीकडे गेला. लेखक कोण? लिंकनचा एक शाळामास्तर. असा निबंध सहज बाजूला पडला असता. पण तो छापला गेला, आणि त्याला सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. गणितासाठी दिलेलं हे त्यांचं पहिलंच सुवर्णपदक.

आणि हा माणूस फक्त स्वतःपुरतं बघणारा नव्हता. लिंकनमधल्या दुकानांतली पोरं रात्री उशिरापर्यंत राबायची. दुकानं लवकर बंद व्हावीत म्हणजे त्यांना वाचायला, शिकायला वेळ मिळेल, या चळवळीत जॉर्ज पुढे होता. मोकळा वेळ मिळत नसेल तर शिकणं किती अवघड असतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

फक्त ० आणि १

१८४७ मध्ये तर्कशास्त्रावरून दोन विद्वानांत जोरदार भांडण लागलं. एक होते गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन, दुसरे स्कॉटिश तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन. डी मॉर्गन हे बूलचे पत्रमित्र. या भांडणामुळे बूलला मैदानातला तो जुना विचार आठवला. त्याच वर्षी त्याने तर्कशास्त्राच्या गणितावर एक छोटं पुस्तक लिहून काढलं.

त्यातली कल्पना समजायला सोपी आहे.

समजा, समोर आंब्यांचा ढीग आहे. त्यातले हापूस वेगळे काढणं ही एक क्रिया. पिकलेले वेगळे काढणं ही दुसरी क्रिया. एकापाठोपाठ एक दोन्ही केल्या की हातात पिकलेले हापूस राहतात. बूलने याला गुणाकार म्हटलं. आधी हापूस काढा किंवा आधी पिकलेले काढा, उत्तर एकच. नेहमीच्या गुणाकारातही तसंच असतं.

आता पिकलेल्या आंब्यांतून पुन्हा पिकलेले निवडा. काय मिळेल? तेच आंबे. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष.

साध्या आकड्यांत हे कुठे खरं ठरतं? फक्त दोन ठिकाणी. ० गुणिले ० म्हणजे ०, आणि १ गुणिले १ म्हणजे १.

बस. इथेच सगळं आलं. १ म्हणजे सगळं, ० म्हणजे काहीच नाही. एखादी गोष्ट खरी असेल तर १, खोटी असेल तर ०. आणि १ मधून क्ष वजा केला की मिळतं क्षच्या उलट, म्हणजे 'नाही'.

अर्थात बूलचं गणित आपण आज शिकतो तसंच्या तसं नव्हतं. त्याच्या पद्धतीत दोन गटांची बेरीज करायची तर ते पूर्ण वेगळे असावे लागत. आज आपण 'हे किंवा ते किंवा दोन्ही' असं सहज म्हणतो. हा बदल पुढे विल्यम जेव्हन्स यांनी आणला.

कॉर्कचे प्रोफेसर

१८४९ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात नवीन क्वीन्स कॉलेज सुरू झालं. गणिताचे पहिले प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली जॉर्ज बूलची. जो माणूस कधी कॉलेजात विद्यार्थी म्हणून बसला नाही, तो थेट प्रोफेसर म्हणून दारातून आत शिरला. ही बातमी ऐकायला वडील मात्र राहिले नाहीत. आदल्याच वर्षी ते गेले होते.

तो काळ आयर्लंडसाठी भयंकर होता. बटाट्याच्या पिकावर रोग पडून आलेल्या दुष्काळाने लाखो माणसं मेली होती, लाखो देश सोडून गेली होती. अशा शहरात बूलने नवं आयुष्य सुरू केलं.

इथेच त्याची मेरी एव्हरेस्टशी ओळख झाली. एव्हरेस्ट आडनाव ऐकून थबकलात ना? बरोबर ओळखलंत. भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेले जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे काका. ज्यांचं नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिलं गेलं, तेच.

मेरी त्याच्याहून १७ वर्षांनी लहान. तिलाही गणिताची ओढ होती, पण त्या काळी मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. बूल तिला गणित शिकवू लागला. १८५५ मध्ये तिचे वडील वारले आणि त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

पुढे मेरीने लिहिलं की काका जॉर्ज एव्हरेस्ट यांच्यामार्फत भारतीय विचार बूल आणि त्याच्या पिढीतल्या गणितज्ञांपर्यंत पोहोचले होते. १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून तिने या विषयावर लांबलचक पत्रच लिहिलं. पण बूलचं पहिलं पुस्तक १८४७ चं आहे, मेरीशी भेट होण्याच्या आधीचं. त्यामुळे हा दावा जपूनच घ्यायला हवा.

सोसायटीची मोटर आणि बूलचा नियम

१८५४ मध्ये बूलचं मोठं पुस्तक आलं, विचारांच्या नियमांवरचं. त्यात एक नियम आहे, जो आजच्या प्रोग्रामेबल चिपच्या पोटात जसाच्या तसा बसलाय.

नियम असा. प्रश्न कितीही गुंतागुंतीचा असू दे, त्यातली एक अट धरा. ती 'हो' असेल तर काय होईल ते लिहा. ती 'नाही' असेल तर काय होईल ते लिहा. मग पुढची अट घ्या. असं करत गेलात की शेवटी एक तक्ता उरतो, आणि त्यात फक्त ० आणि १ असतात.

सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचं उदाहरण घेऊ. मोटर कधी चालू व्हावी? वरच्या टाकीत जागा हवी. खालच्या टाकीत पाणी हवं. वीजपुरवठ्याचे तिन्ही फेज हवेत. आणि वॉचमनकडे एक बटण आहे, ते दाबलं तर वरची टाकी भरलेली असली तरी मोटर सुरू व्हावी. पण खाली पाणी नसेल किंवा फेज गेला असेल, तर बटण दाबूनही सुरू होता कामा नये, नाहीतर मोटर जळेल.

चार प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं. म्हणजे १६ शक्यता. त्यांतल्या फक्त ३ ठिकाणी उत्तर १, बाकी १३ ठिकाणी ०. झाला तक्ता तयार. मोटरचा सगळा कारभार १६ आकड्यांत बसला.

बूलच्या काळात या तक्त्याचं करायचं काय, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं.

पावसातला तो रस्ता

१८५७ मध्ये बूल रॉयल सोसायटीचा फेलो झाला. घरात एकापाठोपाठ पाच मुली जन्मल्या. कॉलेजसाठी लिहिलेली त्याची पुस्तकं पुढे अनेक वर्षं वापरात राहिली. सगळं मार्गी लागलं होतं.

२४ नोव्हेंबर १८६४. बूल घरून कॉलेजला निघाला. अंतर सुमारे ५ किलोमीटर. वाटेत धो धो पाऊस लागला. तो चिंब भिजला, पण तास बुडवला नाही. त्याच ओल्या कपड्यांत वर्गात उभं राहून शिकवलं.

घरी येईपर्यंत ताप भरला. न्यूमोनिया झाला. मेरीने ज्या कारणाने आजार आला त्यानेच तो बरा होईल या समजुतीने त्याला ओल्या चादरींत ठेवलं, अशीही गोष्ट सांगितली जाते. ८ डिसेंबर १८६४ ला जॉर्ज बूल गेला. वय फक्त ४९. सगळ्यात धाकटी एथेल तेव्हा सहा-सात महिन्यांची होती.

मेरी मुलींना घेऊन लंडनला गेली. ग्रंथपालाची नोकरी धरली आणि पुढे मुलांना गणित हसतखेळत कसं शिकवावं यावर पुस्तकं लिहिली. मुलीही बापाच्याच वळणावर गेल्या. अ‍ॅलिशिया कॉलेजात न जाता चौथ्या मितीतल्या आकृत्यांवर काम करत राहिली आणि १९१४ मध्ये नेदरलँड्सच्या खोनिंगन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली. आणि ती तान्ही एथेल? एथेल व्हॉयनिच या नावाने तिने 'द गॅडफ्लाय' ही कादंबरी लिहिली, जी रशियात तुफान वाचली गेली.

तक्ता शेवटी चिपमध्ये पोहोचला

बूलचं गणित पुढची अनेक वर्षं तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवलं जात होतं. इंजिनिअरला त्याचं काही काम नव्हतं.

१९३७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी एका मोठ्या गणनयंत्रावर काम करत होता. यंत्राच्या नियंत्रणासाठी रिले होते, म्हणजे विजेवर चालणारी बटणं. कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासाला त्याने बूल शिकला होता. त्याच्या लक्षात आलं की दोन बटणं एकामागे एक जोडली तर दोन्ही चालू असतानाच करंट जातो. शेजारी शेजारी जोडली तर कोणतंही एक पुरतं. हे तर बूलचं 'आणि' व 'किंवा'!

त्याने हे प्रबंधात मांडलं. तोवर सर्किट म्हणजे अनुभवाचा आणि अंदाजाचा मामला होता. आता ते कागदावर समीकरण लिहून, सोपं करून बनवता येऊ लागलं. तसा प्रयत्न जपान आणि रशियातही त्याच काळात झाला, पण जगभर गाजला तो शॅननचा प्रबंध.

मग ट्रान्झिस्टर आला, चिप आली. अडचण एकच होती. चिप एकदा बनली की बदलत नाही. मोटरचा नियम बदलला तर नवी चिप हवी.

यावर झायलिंक्स कंपनीच्या रॉस फ्रीमन यांनी तोडगा काढला. चिपमध्ये ठरावीक गेट बसवण्याऐवजी छोटे कोरे तक्ते बसवायचे, आणि त्यांना जोडणाऱ्या वायरीसुद्धा हव्या तशा जोडता येतील अशी सोय करायची. १९८५ मध्ये त्यांची पहिली एफपीजीए चिप आली. तिच्यात असे ६४ ब्लॉक होते. आज मोठ्या चिपमध्ये तक्त्यांची संख्या लाखांत जाते.

या तक्त्याला म्हणतात लुकअप टेबल. चार इनपुट असतील तर आत १६ खाने. प्रत्येकात ० किंवा १. आपल्या मोटरचे १६ आकडे त्यात भरले की तो तक्ता मोटरचं सर्किट झाला. आकडे बदलले की दुसरं सर्किट. एकाच छोट्या तक्त्यातून ६५,५३६ वेगवेगळी सर्किटं बनू शकतात. आणि प्रश्न पाच अटींचा असला तर? बूलचाच नियम वापरायचा. पाचवी अट 'हो' असेल तर एक तक्ता, 'नाही' असेल तर दुसरा, आणि दोघांतून एक निवडणारा स्विच.

बूलच्या गणितात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे वेळ. आधी काय झालं हे लक्षात ठेवायला चिपमध्ये तक्त्याशेजारी फ्लिप-फ्लॉप बसवावा लागतो, आणि सगळ्यांना एका तालावर चालवायला क्लॉक लागतं. ही भर नंतरच्या लोकांनी घातली.

एफपीजीए शिकणारी बरीच मुलं इथेच अडखळतात. व्हेरिलॉगमध्ये ती सी प्रोग्रामसारखं लिहितात आणि वाटतं, चिप एकेक ओळ वाचत खाली जाईल. तसं होत नाही. त्या ओळी म्हणजे सर्किटचं वर्णन असतं, त्यामुळे सगळे तक्ते एकाच वेळी काम करतात. म्हणून जाणकार सांगतात, आधी वहीत तक्ता काढा, किती फ्लिप-फ्लॉप लागतील ते मोजा, आणि मगच कीबोर्डला हात लावा. बूललाही सगळं असंच वहीत काढावं लागलं, फक्त त्याच्या समोर चालवून बघायला बोर्ड नव्हता.

आज चंद्रावरच्या एका विवराला बूलचं नाव आहे. कॉर्कच्या विद्यापीठाचं ग्रंथालय त्याच्या नावाने ओळखलं जातं. वाचनालयाच्या आणि उधारीच्या पुस्तकांवर शिकलेल्या माणसासाठी याहून चांगलं स्मारक कोणतं असणार?

आणि हो, पायथनमध्ये ट्रू आणि फॉल्स ज्या प्रकारात मोडतात, त्याचं नाव बूल. पुढच्या वेळी तो शब्द टाईप कराल, तेव्हा तो लिंकनच्या शाळामास्तरचा आहे हे लक्षात असू द्या.